नको असलेल्या एआयला रामराम: विंडोजवरून लिनक्स मिंटवर कसं जावं

विंडोजच्या टास्कबारवर कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय सहाय्यक आला, नोटपॅडमध्ये मजकूर पुन्हा लिहून देणारं बटण आलं. मग मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केलं. ते दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र टिपून साठवतं, म्हणजे पुढे शोधता येतं. टीका झाल्यावर ते लांबणीवर पडलं आणि ‘चालू केलं तरच चालेल’ असं झालं. पण तोवर अनेकांच्या मनात सिस्टिम बदलण्याचा विचार येऊन गेला होता.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: बदलायची खरंच गरज आहे का? रिकॉल फक्त ‘कोपायलट प्लस’ वर्गातल्या (एआयसाठी खास चिप असलेल्या) संगणकांवर चालतं, आणि सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात ते बंद करता येतं. कोपायलट इतर अ‍ॅपसारखं काढून टाकता येतं. एवढ्याने समाधान होत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. दर अपडेटनंतर नवं काय आलं ते तपासत बसायचा कंटाळा आला असेल, तर मात्र वाचा.

नवख्यांसाठी मी लिनक्स मिंट सुचवेन. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं हे एक रूप आहे. त्यातही सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्या. खाली टास्कबार, कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे हात लगेच बसतो. सिस्टिममध्ये एआय सहाय्यक बसवलेला नाही. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा असली की काम भागतं.

पायरी १: यादी करा

बहुतेक लोक इथेच घाई करतात. तुम्ही रोज वापरता ते प्रत्येक सॉफ्टवेअर कागदावर लिहा आणि त्यापुढे लिनक्सवर काय चालेल ते लिहा. ब्राउझरमध्ये होणारी कामं जशीच्या तशी होतात. वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस आहे. साध्या फायली नीट उघडतात, पण मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) असलेल्या एक्सेल फायली दगा देऊ शकतात. फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही. फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेमही चालत नाहीत. पोटापाण्याचं एखादं सॉफ्टवेअर ‘चालत नाही’ या रकान्यात गेलं, तर विंडोज पूर्ण पुसू नका. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवा.

पायरी २: बॅकअप आणि बिटलॉकर

फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये. नव्या विंडोजमध्ये बिटलॉकरचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय, आपोआप चालू झालेलं असू शकतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्या. दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर एन्क्रिप्शन आधी बंद करा आणि डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा.

पायरी ३: पेनड्राइव्ह तयार करा

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम सामावलेली एकच फाइल) उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. रूफस किंवा बॅलेना एचर हे सॉफ्टवेअर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

पायरी ४: इन्स्टॉल न करता वापरून पाहा

संगणक सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप (कंपनीनुसार बदलतं) दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट त्यावरूनच सुरू होतं. डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडून पाहा. झोपलेला लॅपटॉप नीट जागा होत नाही ही तक्रार जुनीच आहे. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला नाही तर नवल मानू नका. पेनड्राइव्हवरून सगळं जरा संथ वाटेल, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका.

पायरी ५: इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर क्लिक करा, मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. मग खरा निर्णय येतो: विंडोजच्या शेजारी, की डिस्क पुसून? शंका असेल तर शेजारी. पुसलंत तरी परतीची वाट बहुधा बंद होत नाही. विंडोजचा डिजिटल परवाना त्याच यंत्राशी जोडलेला असेल, तर पुन्हा इन्स्टॉल केल्यावर तो आपोआप ओळखला जातो. फायली मात्र गेल्या त्या गेल्या.

पायरी ६: पहिला दिवस

अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर बघा, आणि टाइमशिफ्टमध्ये सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवा. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणापर्यंत मागे जाता येतं. टाइमशिफ्ट सिस्टिमसाठी आहे. तुमच्या फायलींचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये देवनागरी लेआउट जोडा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीची सवय असेल तर ती इथेही चालते.

आणि सिस्टिम बदलली तरी ब्राउझर आणि संकेतस्थळं तीच राहतात. सर्च इंजिनमधली एआय उत्तरं, ईमेलमधले मसुदे सुचवणारे सहाय्यक लिनक्सवरही दिसतील. मिंटसोबत येणाऱ्या फायरफॉक्सच्या साइडबारमध्येही एआय चॅटबॉटची सोय आहे. ती सेटिंग्जमधून बंद होते. बाकीच्यांसाठी त्या त्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये शिरावं लागेल.