स्लॅबचा आदला दिवस: साइटवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी

इंजिनिअरिंगला स्लॅबचं डिझाइन शिकवतात. तो प्रत्यक्ष टाकताना सात-आठ वेगळ्या टोळ्या एकाच जागेवर कशा नांदवायच्या, हे कुठल्याच पेपरात येत नाही. मी मूळची साताऱ्याची, सध्या मोशीकडे एका बारा मजली इमारतीवर साइट इंजिनिअर आहे. यंदा आमच्याकडे दोन मुलं नव्याने लागली. त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर सगळ्या ओळखीच्या: इलेक्ट्रिशियन ऐकत नाही, गाडी वेळेवर येत नाही, मुकादम हो म्हणतो आणि करत नाही. त्यांना जे तोंडी सांगते ते इथे नीट लिहून काढते आहे.

आमचा स्लॅब साधारण साडेतीन हजार स्क्वेअर फुटांचा. बीम धरून साठ घनमीटरच्या आसपास माल, म्हणजे काँक्रीट, लागतो, म्हणजे सहा घनमीटरच्या गाडीने दहा खेपा. त्यासाठी सेंट्रिंगवाले (स्लॅबखालचा साचा आणि टेके उभारणारे), बारबेंडर (सळई बांधणारे), इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पंपवाले, आरएमसी प्लँट (तयार काँक्रीट पुरवणारा), माल पसरवणारी गँग आणि आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणारे) एवढ्या सगळ्यांची गाठ पडते. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, गाव वेगळं आणि बिलही वेगळं. जो तो आपलं काम उरकून मोकळा व्हायला बघतो आणि त्यात काही गैर नाही, त्याला पैसे तेवढ्याच कामाचे मिळतात. या सगळ्यांकडे एकत्र बघायचा पगार फक्त तुम्हाला आहे. म्हणून मी एकच गोष्ट धरून चालते: आज ज्याचं काम सुरू आहे त्याच्यापेक्षा त्याच्यानंतर ज्याची पाळी आहे त्याला काय लागणार आहे, हे आधी विचारायचं.

बारबेंडर आणि इलेक्ट्रिशियन

साइटवरची निम्मी भांडणं या दोघांत होतात आणि त्याचं कारण स्वभावात नाही, कामाच्या क्रमात आहे. स्लॅबची खालची जाळी बांधून झाली की तिच्यावरून इलेक्ट्रिकचे पाइप जातात, फॅन बॉक्स बसतात आणि मग वरचं स्टील येतं. म्हणजे बारबेंडरला मध्येच थांबावं लागतं. तो थांबत नाही, कारण थांबला तर त्याच्या माणसांची हजेरी वाया जाते. वरचं स्टील बांधून झाल्यावर इलेक्ट्रिशियन येतो, सळईखाली पहार घालून ती उचलतो, पाइप सरकवतो आणि निघून जातो. सळई पुन्हा खाली बसते, पण खालचा कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारा ठोकळा) कलंडलेला असतो आणि चेअर (वरची सळई उचलून धरणारा वाकवलेला तुकडा) आडवी पडलेली असते. ड्रॉइंगवर स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) लिहिलंय आणि सळई थेट प्लायवर टेकलीय, हे वरून चालणाऱ्याला दिसतही नाही. ते दिसतं काही वर्षांनी, छताचे पोपडे पडून गंजलेली सळई उघडी पडल्यावर. तोवर त्या घरात कुणीतरी कर्ज काढून राहायला आलेलं असतं.

उपाय सोपा आहे, पण तो दोन दिवस आधी करावा लागतो. स्लॅबचे दोन भाग पाडा. लिफ्टच्या डावीकडचा भाग आधी, उजवीकडचा नंतर, असं काहीतरी सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल असं. डावीकडची खालची जाळी झाली की बारबेंडरची टोळी उजवीकडे सरकेल आणि डावीकडे इलेक्ट्रिशियन शिरेल. कुणाची हजेरी बुडत नाही. हे ठरवताना दोघांना एकत्र उभं करा, तेही स्लॅबवरच. ऑफिसात बोलावून सांगितलेलं साइटवर पोचेपर्यंत निम्मं गळून जातं. आमचे बारबेंडर मालदा जिल्ह्यातले, इलेक्ट्रिशियन दादा लातूरचे. मी मध्ये उभी राहून हिंदी-मराठी करते आणि शेवटी दोघांकडून उलट वदवून घेते: तुम्ही किती वाजता कुठे असणार? नुसत्या 'हो मॅडम'वर मी कधीच खाली उतरत नाही.

प्लंबरचं दुखणं वेगळं. त्याचे स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) बहुधा राहून जातात, कारण तो स्लॅबच्या दिवशी साइटवर नसतोच. टॉयलेटचा संक (स्लॅबचा खाली घेतलेला भाग) कुठे, ड्रेनचा स्लीव्ह कुठे, याचा फोटो त्याला आदल्या दुपारी पाठवा आणि त्यावर त्याला गोल करायला सांगा. नंतर कोअर कटिंग करून स्लॅबला भोक पाडणं महाग तर पडतंच, शिवाय त्या भोकात सळई कापली गेली तर कन्सल्टंटला काय सांगणार?

पोअर कार्ड भरताना

बहुतेक साइटवर पोअर कार्ड असतं. सेंट्रिंग, स्टील, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, सेफ्टी अशा रकान्यांसमोर ज्याने त्याने तपासून सही करायची आणि मग माल मागवायचा. पुष्कळ ठिकाणी हे कार्ड स्लॅब झाल्यावर एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जातं. तसं करू नका, कुणी करायला लावलं तरी. हा कागद म्हणजे साइटवरचं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. सही करायची म्हटल्यावर माणूस आपोआप खाली वाकून बघतो. आमचे सेंट्रिंगचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, सहीआधी प्रत्येक टेक्याला पायाने हलकी लाथ मारत जातात. सैल टेका लगेच कळतो. मातीवर उभा केलेला टेका असेल तर त्याच्या बुडाखाली फळी आहे की नाही तेही बघतात. मी हे त्यांच्याकडूनच शिकले आणि आता माझ्या यादीत ते पहिलं आहे.

सही घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते: तुमचं काम अडेल असं काय दिसतंय? 'काही अडचण आहे का?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'नाही' येतं. काय अडेल असं विचारलं की माणूस विचार करून सांगतो: व्हायब्रेटरची नीडल (माल हलवून घट्ट बसवणारी नळी) एकच आहे, लाइट गेली तर जनरेटरमध्ये डिझेल कमी आहे, कॉलमच्या डोक्यावर इतकी सळई दाटलीय की तिथे जाडी नीडल उतरणार नाही. या तिन्ही गोष्टी आदल्या संध्याकाळी सहज सुटतात. स्लॅब सुरू झाल्यावर त्यातली एकही धड सुटत नाही.

बिघडणार ते काय, हे आधीच ठरवा

बदलाला तयार राहा, असं इंटरव्ह्यूत सगळेच सांगतात. साइटवर त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच: बेत मोडला तर काय करायचं, ते डोकं शांत असताना लिहून ठेवायचं.

स्लॅब मध्येच थांबला तर जॉइंट (जुन्या-नव्या मालाचा सांधा) कुठे घ्यायचा, हे कन्सल्टंटला आदल्या दिवशीच विचारा. साधा नियम असा की स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मधल्या एक-तृतीयांशात घ्यायचा, तिथे शिअर (कातरणारा ताण) कमी असतो. बीमच्या किंवा कॉलमच्या तोंडाशी कधीच नाही. त्या रेषेवर खडूने खूण करा आणि आडवी लावायला फळ्या कापून तिथेच ठेवा. पंप बंद पडलाय, गँग ओरडतेय, अशा वेळी फळी कापायला सुतार शोधत फिरलं तर माल जिथे पोचला तिथेच थांबतो, उताराचा, वेडावाकडा. दुसऱ्या दिवशी पुढचा माल टाकताना जुन्या मालाची कड टाचून, धुऊन, स्लरी (सिमेंटचं पातळ कालवण) मारूनच पुढे जायचं.

गाड्यांचं गणितही असंच आधी मांडायचं. शहरात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते. म्हणून पहिली गाडी पहाटे मागवा, नाहीतर ती थेट दुपारकडे ढकला. प्लँटमध्ये माल भरल्यापासून दोन तासांत तो रिकामा व्हायला हवा, असं भारतीय मानकात सांगितलंय. गाडीबरोबरच्या चलनावर (पावतीवर) माल भरल्याची वेळ छापलेली असते, गाडी आली की सगळ्यात आधी ती बघा. प्लँटच्या डिस्पॅचरशी (गाड्या सोडणाऱ्याशी) बोलताना 'गाडी लवकर पाठवा' म्हणून काही होत नाही. 'दोन गाड्यांत पंचवीस मिनिटांचं अंतर ठेवा, तिसरी गाडी रिकामी होत आली की मी फोन करते' असं सांगा. त्यालाही पाच साइटी सांभाळायच्या असतात, नेमका आकडा मिळाला की तो तुमच्या बाजूने विचार करतो.

पावसाळ्यात ताडपत्र्या स्लॅबवरच, हाताशी ठेवा. खाली स्टोअरला कुलूप आणि स्टोअरकीपर जेवायला, हे चित्र मला नको आहे.

माल सुरू झाल्यावर

नारळ फुटतो आणि पंप सुरू होतो. पाइपातून आधी जी स्लरी येते ती स्लॅबमध्ये एका जागी ओतू देऊ नका, तिच्यात खडी नसते. ती बाहेर काढा.

दिवसभराचा सगळ्यात मोठा वाद पाण्याचा असतो. माल घट्ट आहे म्हणून पंपवाला ड्रायव्हरला सांगतो, ड्रायव्हर टाकीचा नळ सोडतो. माल पळायला लागतो, पसरवणाऱ्यांना बरं वाटतं, फक्त ताकद गेलेली असते. इथे आवाज चढवून उपयोग नाही. स्लंपचा (माल किती घट्ट की पातळ, त्या मापाचा) साचा आणि पट्टी गाडीजवळ ठेवा, प्रत्येक गाडीचा स्लंप सगळ्यांसमोर काढा. मोजलेल्या आकड्याशी कुणी भांडत नाही. स्लंप खरंच कमी असेल तर प्लँटच्या क्वालिटीवाल्याला बोलावून अ‍ॅडमिक्स्चर (माल सैल करणारं रसायन) वाढवायला सांगा, पाणी नाही. यावर माझी तडजोड नाही, आणि हे मी पहिल्याच गाडीला सांगून टाकते म्हणजे दहाव्या गाडीला सांगावं लागत नाही.

लाइन चोक झाली तर घाबरू नका. पंप ऑपरेटर हातोडीने पाइपावर टकटक करत जातो, त्याच्याबरोबर चाला आणि ऐका. मोकळ्या पाइपाचा आवाज खणखणीत येतो, माल अडकलाय तिथे बद्द. तेवढाच तुकडा खोलायचा, पण आधी लाइनमधला दाब उतरवूनच, आणि क्लॅम्प सोडताना समोर कुणाला उभं राहू देऊ नका. तेवढ्या वेळात गँगला पाणी प्यायला पाठवा आणि आधी टाकलेल्या मालाची कड ओली राहील असं बघा.

क्यूबचं, म्हणजे ताकद तपासायला भरायच्या मालाच्या ठोकळ्यांचं, काम कुणा एकाच्याच हातात द्या. साठ घनमीटरला पाच सॅम्पल, प्रत्येकाचे अठ्ठावीस दिवसांसाठी तीन क्यूब, सात दिवसांचे त्यावर वेगळे. तारीख आणि जागा क्यूबवर लिहिली नाही तर पुढे रिपोर्ट हातात येतो आणि तो कुठल्या स्लॅबचा हेच कळत नाही.

रोजच्या कटकटी

काही कटकटी कामाच्या असतात, त्या लिहून ठेवल्या की सुटतात. उन्हाच्या, भुकेच्या कटकटींना लिहून काय उपयोग? दुपारी दीड ते अडीच या वेळात साइटवर जी चिडचिड होते तिच्यातली बरीचशी जेवण लांबल्याने होते. गँग दोन पाळ्यांत जेवायला पाठवा आणि स्वतःही जेवा. उपाशी इंजिनिअर वाईट निर्णय घेतो.

मुकादम मामांशी बोलायची एक रीत आहे. चारचौघांत त्यांच्या माणसाला बोललात तर मामा दुखावतात आणि पुढे आठवडाभर काम रेंगाळतं. बाजूला घेऊन मामांना सांगा, ते त्यांच्या भाषेत तुमच्यापेक्षा कडक बोलतील. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार टाकायची असेल तर नाव न टाकता जागा टाका: 'ग्रिड सी-चार, तीन कव्हर ब्लॉक नाहीत, फोटो जोडलाय.' ज्याचं काम आहे त्याला कळतं, तो दुरुस्त करून उलट फोटो टाकतो आणि विषय संपतो.

मुलींसाठी एक वेगळं. पुष्कळ साइटवर बायकांसाठी धड टॉयलेट नसतं आणि आपण ते मागायला लाजतो, दिवसभर पाणी कमी पितो. यातून आजारपण येतं. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह द्यायची जबाबदारी मालकावर टाकलेली होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा आणि आरोग्याच्या २०२० च्या संहितेतही ती मालकावरच आहे. जुन्या कायद्यात पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघरही होतं. हे ईमेलवर, कलमासकट मागा, आणि मागताना माल वाहणाऱ्या बायकांसाठीही मागा. एकटीपुरतं मागितलं की ऑफिसचं टॉयलेट वापरा म्हणून सांगतात, सगळ्यांसाठी मागितलं की बांधावं लागतं.

माल संपल्यानंतर

स्लॅब पुरा झाला की सगळे पांगतात. इथेच तुम्ही थांबा. उद्या सकाळी पाणी कोण मारणार, त्याचं नाव आत्ताच ठरवा. वर वाफे बांधून पाणी भरून ठेवायचं, साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅगचं सिमेंट असेल तर निदान दहा. रविवारची पाळी कुणाची हे विशेष विचारा, पाणी नेमकं रविवारी चुकतं.

टेके कधी काढायचे ती तारीख ऑइल पेंटने कॉलमवर लिहा. साडेचार मीटरपर्यंत स्पॅनच्या स्लॅबला सात दिवस आणि त्याहून मोठ्याला चौदा, सहा मीटरपर्यंत स्पॅनच्या बीमला चौदा आणि त्यापुढे एकवीस, ही मानकातली कमीत कमी मुदत साध्या सिमेंटसाठी आहे. कन्सल्टंटने जास्त सांगितली असेल तर त्याची धरा. पुढच्या मजल्याला टेके कमी पडले की सेंट्रिंगवाले रात्रीतून खालचे काढू पाहतात, तेव्हा कॉलमवरच्या तारखेखाली तुमचा मोबाइल नंबरही लिहा आणि चाचांना सांगून ठेवा, एकही टेका हलवायच्या आधी फोन करायचा, कितीही वाजले असू देत.