अणुवीज प्रकल्पाविषयीच्या भीतीला उत्तर कसे द्यावे

रत्नागिरी जिल्ह्यातील माडबनच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) प्रत्येकी १,६५० मेगावॅट विजेच्या सहा ‘ईपीआर’ या फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या उभारण्याचा जैतापूर प्रकल्प गेली कित्येक वर्षे चर्चेत आहे. अशा प्रकल्पाबद्दल ग्रामसभेत बोलण्याची वेळ ज्या अभियंत्यावर, शिक्षकावर किंवा विज्ञान कार्यकर्त्यावर येते, त्याने आपले तक्ते आणि चित्रफिती प्रथम बाजूला ठेवाव्यात आणि लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावेत. प्रकल्पाजवळच्या साखरी नाटे गावातला मच्छीमार ‘आमच्या मासळीचे काय?’ असे विचारतो तेव्हा त्याला किरणोत्साराचा धडा नको असतो. विचारलेल्या प्रश्नाऐवजी आपल्याला येत असलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे ही तज्ज्ञांची जुनी खोड आहे.

‘भट्टी बॉम्बसारखी फुटेल’ ही शंका चटकन दूर करता येते. बॉम्बसाठी साधारण ९० टक्के समृद्ध युरेनियम, म्हणजे ज्यात सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चे प्रमाण तेवढे वाढवले आहे असे युरेनियम, वापरतात. या भट्ट्यांच्या इंधनात ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच असते, त्यामुळे तसा स्फोट होऊ शकत नाही. मात्र एवढे सांगून खाली बसू नये, कारण खरा धोका वेगळाच आहे आणि तो आपणहून समजावून सांगणाऱ्यावरच लोक पुढे विश्वास ठेवतात. भट्टी बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता निघतच राहते. बंद केल्याच्या क्षणी ती भट्टीच्या पूर्ण उष्णता-क्षमतेच्या (ही विजेच्या क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट असते) सहा-सात टक्के असते. मोठ्या भट्टीच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ ३०० मेगावॅट उष्णता असा होतो. ती वेगाने घटते, पण इंधनाला थंड पाणी सतत मिळावेच लागते.

जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताची हकीकत याच आधारे सांगावी. ११ मार्च २०११ च्या भूकंपात चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या, बाहेरची वीज गेली आणि डिझेल जनित्रे सुरू झाली. मात्र तासाभराच्या आत आलेल्या त्सुनामीने तळघरांतली जनित्रे आणि वीजफलक बुडवले, पंप थांबले, इंधन तापले आणि त्यातून निर्माण झालेल्या हायड्रोजनचे स्फोट झाले. यावर ‘मग आमच्याकडे?’ हा प्रश्न येणारच. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे, आणि २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कल्पाक्कम अणुकेंद्राच्या पंपगृहात पाणी शिरूनही तिथली चालू भट्टी सुरक्षितपणे बंद करता आली, या दोन्ही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. तरीही बाहेरची वीज गेल्यास जनित्रे कुठे असतील, किती असतील आणि इंधन किती दिवस पुरेल, हे तपशील हाताशी नसतील तर उत्तर अर्धवटच राहते. आराखड्यालाही निर्दोष म्हणू नये. चीनमधील तैशान येथील याच जातीची पहिली भट्टी इंधनकांड्यांतील दोषांमुळे २०२१ मध्ये बंद ठेवावी लागली होती.

‘फुकुशिमात किरणोत्साराने कोणीच मेले नाही’ हे वाक्य टाळावे. तिथल्या एका कर्मचाऱ्याचा कर्करोगाने झालेला मृत्यू जपान सरकारने २०१८ मध्ये किरणोत्साराशी जोडून मान्य केला. त्याहून मोठी हानी स्थलांतराने झाली: दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि त्या ओढाताणीत दोन हजारांहून जास्त माणसे, बहुतेक वृद्ध, दगावली. म्हणूनच प्रकल्पाभोवतीच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रातून भर पावसात, कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवरून माणसे कशी बाहेर काढणार, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो सुरक्षिततेच्या गाभ्याचाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जिल्हा प्रशासनाच्या आराखड्यातून द्यावे.

किरणोत्साराचे आकडे द्यावेत, पण जपून. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे माप) मात्रा मिळते. अणुकेंद्रामुळे जनतेला होणाऱ्या जादा मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. इथे एक्स-रेची तुलना करण्याचा मोह होतो. एक्स-रे माणूस स्वतःच्या गरजेसाठी काढून घेतो आणि प्रकल्प मात्र न विचारता दारात येतो, हा फरक गावकरी लगेच दाखवून देतात, आणि तो योग्यच आहे.

मासळीचा प्रश्न पाण्याच्या उष्णतेचा आहे. अशा केंद्रात निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णतेची वीज होते आणि उरलेली समुद्राच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. ‘काही फरक पडणार नाही’ असे म्हणण्यापेक्षा पाण्याच्या तापमानवाढीवर कोणती मर्यादा आहे, ते मोजणार कोण, कुठे आणि किती वेळा, आणि नोंदी गावाला मराठीत मिळणार का, हे सांगावे. मासळी उतरण्याच्या नोंदी मच्छीमार सोसायटीने आजपासूनच जपाव्यात, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील.

बोलायला जाण्यापूर्वी इतिहास ठाऊक असावा. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे गावातील प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. त्या गावात ‘तुमचा गैरसमज झाला आहे’ या शब्दांनी सुरुवात करणाऱ्याचे पुढचे कोणी ऐकत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेबद्दल २०१२ मध्ये कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालानेच गंभीर आक्षेप नोंदवले होते. तो विषय निघाला तर बगल देऊ नये.

ज्याचे उत्तर येत नाही तो प्रश्न विचारणाऱ्याचे नाव घालून वहीत लिहावा, उत्तराची तारीख सभेतच ठरवावी आणि त्या दिवशी लेखी उत्तर घेऊन पुन्हा त्याच गावात जावे.