जमिनीखालच्या जुन्या घाणीचा खर्च जुन्या इन्शुरन्स पॉलिसीतून कसा काढायचा

अमेरिकेत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी छोटा प्लाझा, गॅस स्टेशन नाहीतर ड्रायक्लीनरचं दुकान घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विकायला किंवा रिफायनान्सला गेलं की बँक माती तपासायला लावते आणि मग कळतं की खाली पर्क आहे, म्हणजे ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट. ते पाण्यापेक्षा जड, काँक्रीटमधूनसुद्धा झिरपतं आणि भूजलात खोल जाऊन बसतं. १९८० च्या सुपरफंड कायद्यात, म्हणजे प्रदूषित जागा साफ करायच्या अमेरिकन कायद्यात, घाण आधीच्या कोणी केली असली तरी आजच्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. (पेट्रोल त्या कायद्यात येत नाही, गॅस स्टेशनवाल्यांनी टाक्यांचे नियम आणि राज्याचा टँक फंड बघायचा.)

घाबरून लगेच साफसफाईचं कंत्राट देऊ नका, आधी जुने कागद शोधा. १९८६ च्या आधीच्या जनरल लायबिलिटी पॉलिसी (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर पैसे देणाऱ्या) बहुतेक 'अकरन्स' प्रकारच्या असायच्या, म्हणजे नुकसान त्या वर्षात झालं असेल तर क्लेम आज केला तरी ती पॉलिसी लागू होते, मग हप्ता भरून ५० वर्षं का झाली असेनात. १९७० नंतर त्यात प्रदूषणाचं कलम घुसलं, 'अचानक आणि अपघाताने' झालं असेल तरच पैसे, आणि १९८६ पासून तर जवळपास पूर्ण बंदी आली. म्हणून सगळ्यात मोलाचे कागद सत्तरच्या आधीचे, त्यानंतर पंच्याऐंशीपर्यंतचे.

पॉलिसीच सापडली पाहिजे असं नाही, ती होती हे दाखवता आलं पाहिजे. मावसभावाच्या प्लाझाच्या वेळी आम्ही दोन रविवार खोकी उपसत बसलो होतो, काही मिळेना, आणि शेवटी १९७८ च्या भाडेकरारामागे स्टेपल केलेला एक पिवळा पडलेला कागद निघाला, ड्रायक्लीनरने तेव्हाच्या मालकाला दिलेलं इन्शुरन्स सर्टिफिकेट, कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, तारखा, लिमिट सगळं त्यावर! स्टेपल गंजलेली, पण नंबर स्पष्ट. तेव्हा जुने भाडेकरार, कर्जाच्या फाइली, हिशेबाच्या वह्या, वटलेले चेक, जुन्या ब्रोकरचं आणि अकाउंटंटचं ऑफिस, काही काही सोडू नका. हेच काम करणारे लोकही असतात, त्यांना 'इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट' म्हणतात.

आता पॉलिसी कोणाची हे नीट बघा, इथे खूप जण चुकतात. जागा विकत घेतली म्हणून विकणाऱ्याची पॉलिसी तुमची होत नाही. कंपनीच विकत घेतली किंवा वडिलांकडून आली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुम्ही जुन्या मालकावर किंवा ड्रायक्लीनरवर दावा लावायचा आणि त्याची इन्शुरन्स कंपनी त्याच्या बाजूने उभी राहते, भावाचं असंच झालं.

मग नोटीस. वकील धरा, पण असा जो पॉलिसीधारकांच्याच केसेस घेतो. सापडलेल्या प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक कंपनीला, वरच्या अंब्रेला पॉलिसीलासुद्धा (मूळ पॉलिसीचं लिमिट संपल्यावर लागू होणारी), लेखी कळवा, सर्टिफाइड मेलने. कळवायच्या आधी स्वतःच्या मनाने केलेला खर्च बहुतेक वेळा परत मिळत नाही. उत्तरात 'हक्क राखून ठेवतोय' असं पत्र येतं, तो नकार नव्हे, घाबरू नका.

ते म्हणतील स्वतःच्या जागेचं नुकसान पॉलिसीत येत नाही. त्यावर भूजलाचा मुद्दा धरा, बऱ्याच राज्यांत ते पाणी तुमच्या मालकीचं धरत नाहीत, आणि ते शेजारच्या जागेखालीही जातं, त्यामुळे मॉनिटरिंग विहिरींचे (भूजल तपासायला खणलेल्या) रिपोर्ट जपून ठेवा. बऱ्याच जुन्या पॉलिसीत बचावाचा खर्च लिमिटच्या बाहेर असतो आणि काही राज्यांत तपासणीचा खर्चही त्यात बसवता येतो.

राज्याप्रमाणे निकाल फार बदलतो. इंडियानाच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये एका गॅस स्टेशनच्या केसमध्ये प्रदूषणाचं कलमच संदिग्ध ठरवलं, म्हणजे निकाल पॉलिसीधारकाच्या बाजूने. पॉलिसीत बचावाचा खर्च 'सूट'साठी (suit, कोर्टातला दावा) मिळतो; कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये साफसफाई करा असं सांगणारं सरकारी पत्र म्हणजे 'सूट' नव्हे असं ठरलं, ओरेगॉनच्या कायद्यात मात्र तसं पत्रही चालतं.

शेवटी कंपनी एकरकमी पैसे देऊन पॉलिसी परत मागेल. घाण किती लांब पसरलीय हे विहिरींच्या रिपोर्टवरून कळेपर्यंत सही करू नका, कारण सही केली की पुढे शेजाऱ्याने दावा लावला तरी त्या पॉलिसीकडे परत जाता येत नाही.