एनएफएसवर वाचन वेगात, लेखन संथ: कुठं अडतंय ते कसं शोधायचं

एनएफएस शेअरवरून, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सर्व्हरच्या फोल्डरवरून, वाचताना सेकंदाला ११० एमबी मिळतात आणि लिहायला घेतलं की वेग १०-१५ वर येतो, हे नव्या सिस्टिम अॅडमिनच्या वाट्याला हमखास येतं. मग कुणीतरी सांगतं, सर्व्हरवर एक्स्पोर्टमध्ये (शेअर कसा द्यायचा ते ठरवणाऱ्या यादीत) 'सिंक' काढून 'असिंक' टाक. वेग लगेच वाढतोही. पण त्याआधी 'सिंक'मध्ये सर्व्हर डिस्कची वाट कशासाठी पाहतो, ते समजून घ्या.

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (१९९५) क्लायंट डेटा पाठवत राहतो आणि शेवटी 'कमिट', म्हणजे डेटा पक्का लिहिल्याची खात्री, मागतो. 'सिंक' असेल तर डेटा डिस्कवर टेकल्याशिवाय सर्व्हर कमिटला होकार देत नाही, आणि तोपर्यंत क्लायंट आपली प्रत मेमरीत धरून ठेवतो. मध्येच सर्व्हर रीबूट झाला, तर उत्तरासोबत येणारा व्हेरिफायर (सर्व्हरचा ओळख-आकडा) बदललेला दिसतो आणि क्लायंट तो डेटा पुन्हा पाठवतो. 'असिंक'मध्ये सर्व्हर आधीच होकार देतो, क्लायंट प्रत सोडून देतो. त्या क्षणी वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि एररही येत नाही. पुन्हा तयार करता येणाऱ्या तात्पुरत्या फाइलींसाठी हे चालेल. लोकांच्या कामाच्या डेटासाठी अजिबात नको.

तपास खालून वर करा. आधी सर्व्हरवरच, एनएफएस मध्ये न आणता, त्याच डिस्कवर 'डीडी' या कमांडनं ४ जीबी लिहून बघा. डेटा डिस्कवर टेकेपर्यंत थांबायला लावणारा 'कॉन्व्ह=एफडेटासिंक' विसरू नका, नाहीतर तुम्ही मेमरीचा वेग मोजाल. कॉम्प्रेशन चालू असलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमवर शून्यं लिहून काहीच कळत नाही, तिथं डिस्कचा वेग मोजणारं 'फिओ' वापरा. मग 'आयपर्फ३'नं नेटवर्क मोजा, तेही क्लायंटकडून सर्व्हरच्या दिशेनं. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा हवा. ९४ दिसला तर नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या 'ईथटूल'मध्ये लिंक १०० वर आलेली असणार, आणि दोष बहुतेक वेळा केबलचा निघतो. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) लावल्या असतील तर ८९७२ बाइटचा पिंग तुकडे न करता जातो का ते पाहा. एका जरी टोकाला एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) १५०० राहिला असेल, तर फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' चालतं आणि मोठी फाइल लिहिताना सगळं गोठतं.

डिस्क आणि नेटवर्क दोन्ही ठीक असेल तर क्लायंटवर एनएफएसचे आकडे दाखवणारं 'एनएफएस-आयओस्टॅट' लावा आणि 'राइट'ची ओळ वाचा. खरी माहिती इथं आहे. 'आरटीटी' म्हणजे विनंती निघाल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ. 'एक्झी'मध्ये त्याआधी क्लायंटच्या रांगेत गेलेला वेळही धरलेला असतो. पिंग ०.३ मिलिसेकंद आणि आरटीटी २० असेल, तर वेळ सर्व्हर खातोय, बहुधा त्याची डिस्क. आरटीटी कमी आणि एक्झी बराच जास्त असेल, तर अडलंय क्लायंटवर, तिथं ५.३ किंवा पुढच्या कर्नलवर 'एनकनेक्ट=४' (एकाऐवजी चार जोडण्या) करून बघण्यासारखं आहे. दर ऑपरेशनला केबी फक्त ४ दिसत असतील, तर क्लायंटच्या माउंट पर्यायांत चुकून 'सिंक' पडलंय का (हे सर्व्हरच्या एक्स्पोर्टमधल्या 'सिंक'पेक्षा वेगळं), माउंटच्या जुन्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये 'डब्ल्यूसाइझ' (एका विनंतीत किती बाइट लिहायचे) लहान आहे का, की प्रोग्रामच तुकड्यातुकड्यानं डेटा डिस्कवर ढकलतोय, हे तपासा. प्रत्यक्ष लागू झालेले पर्याय 'एनएफएसस्टॅट -एम' दाखवतं. डब्ल्यूसाइझ १०४८५७६ पर्यंत जाऊ शकते.

लहान फाइलींचं दुखणं मात्र वेगळं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. फाइल तयार करणं आणि तिचा डेटा टेकवणं, अशा फाइलमागे निदान दोन फेऱ्या धरल्या तरी १०,००० फाइलींना पावणेतीन मिनिटं जातात, मग फाइल १ केबीची का असेना. इथं डब्ल्यूसाइझ वाढवून काहीही होत नाही. सगळ्या फाइलींची एकच टार फाइल बांधून ती तशीच सर्व्हरवर नेऊन तिथं उघडा, किंवा कॉपी चार-आठ प्रक्रियांत वाटा. कायमचा उपाय हवा असेल तर बॅटरीवर चालणारा राइट कॅश असलेला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) किंवा पॉवर-लॉस प्रोटेक्शनवाली, म्हणजे वीज गेली तरी डेटा जपणारी, एसएसडी घ्या. साध्या घरगुती एसएसडीवर पैसे घालू नका; सिंक लेखनात त्यातल्या बऱ्याच फार मागे पडतात.

मोठ्या फाइलीची कॉपी ९९ टक्क्यांवर येऊन अडकत असेल, तर तो बिघाड नाही. क्लायंटनं मेमरीत साठवलेलं सगळं फाइल बंद करताना सर्व्हरकडे जातं. मेमरीत किती डेटा साठला की पाठवायला लागायचं ते ठरवणारं क्लायंटवरचं 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' हे सेटिंग २५६ एमबीवर आणा, म्हणजे लेखन आधीपासून सुरू होईल आणि शेवटची ताटकळ बरीच कमी होईल.