उन्हाळ्यातही न विरघळणाऱ्या सुगंधी मेणवड्या

मेणवडी म्हणजे वात नसलेली सुगंधी मेणाची वडी. ती पेटवायची नसते, बर्नरवर किंवा विजेच्या कापूरदाणीत वितळवली की वास दरवळतो. विदर्भात अशा मेणवड्या करायच्या तर वासाआधी मे महिन्याचा विचार करा. सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांना मऊ पडतं. अकोला-चंद्रपूरकडे सावलीतलाच पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. म्हणून ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन मेण मागा. सोया थंडीपुरतं ठीक.

एका घाण्याला ४५० ग्रॅम पॅराफिन, ५० ग्रॅम स्टीअरिक अ‍ॅसिड (वडी कडक होते) आणि ३० ग्रॅम सुगंधी तेल. तेल चमच्याने नको, काट्यावर मोजा. ते मेणबत्तीसाठीचंच हवं. गुलाबजल मेणात मिसळतच नाही, आणि स्प्रेच्या सेंटमधलं अल्कोहोल गरम मेणावर पेट घेऊ शकतं. खायचा रंगही पाण्यातला असल्याने तळाशी ठिपके होऊन बसतो. तेलात विरघळणारा मेणाचा रंग वापरा.

साच्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तो बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हाच घ्या. १ चे मिठाईचे पातळ ट्रे ७० अंशांच्या आसपास वाकडे होतात. ६ चा साचा, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचं प्लास्टिक, अजिबात नको: संत्र्याच्या तेलातलं लिमोनिन त्याला विरघळवतं. आकडा दिसत नसेल तर कोपऱ्यावर तेलाचा थेंब टाकून तासाभराने बोट फिरवा. चिकट लागलं तर तो साचा बाजूला.

गंजात पाणी उकळत ठेवा, त्यात मेणाचं कोरडं भांडं. थेट गॅसवर मेण कधीच नाही. पेटलंच तर पाणी मारू नका, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण घाला. सगळं वितळून ८० अंशांवर आलं की खाली उतरवा, तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. जोरात ढवळलं की बुडबुडे राहतात. तेल घातलेलं मेण पुन्हा तापवत बसलात तर वास तिथेच उडतो. ७० अंशांवर साच्यात ओता आणि थोडं मेण मागे ठेवा. पॅराफिन आक्रसतं, मधोमध खळगा पडतो, तो त्याने भरायचा.

डिसेंबरात साचे गार असले की वडीच्या अंगावर आडव्या रेघा उमटतात. ओतण्याआधी ते दहा मिनिटं उन्हात ठेवा. मेमध्ये उलट, संध्याकाळ उतरल्यावर ओता. फ्रीजरमध्ये घालून घाई केली तर तडे जातात. पूर्ण गार झालेली वडी साचा पिळला की स्वतःहून सुटते. चिकटली तर साच्यात ओल किंवा ओरखडे आहेत, म्हणून साचे घासणीने घासू नका, कोमट पाण्याने धुऊन कोरडे पुसा. वडीवर घाम आल्यासारखं तेल दिसलं तर तेल जास्त झालं. पुढच्या घाण्याला २५ ग्रॅमवर या. वास मंद वाटला म्हणून लगेच तेल वाढवू नका, आधी वड्या दोन दिवस डब्यात बंद ठेवा. मोगऱ्याची सुकी फुलं, संत्र्याची सालं वर टाकलेली छान दिसतात, पण तापल्यावर करपका वास देतात.

वेगळा बर्नर नसला तरी विजेच्या कापूरदाणीत १५ ग्रॅमची एक वडी पुरते, फक्त कापूर सोबत टाकू नका. कापूर उडून संपतो, मेण तसं संपत नाही. वास गेला तरी ते तेवढंच राहतं. लाइन गेली तर ते जागीच गोठतं, काही बिघडत नाही. वास संपलेलं मेण कोमट असतानाच कापसाने टिपून घ्या. मोरीत ओतलं तर नळी चोंदते. तोच कापूस आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला चालतो; स्वयंपाकाच्या चुलीत मात्र घालू नका.