ओपन क्लास डर्ट कार्ट: आधी स्वतःचं वजन करा, मग इंजिन घ्या

डर्ट कार्ट म्हणजे मातीच्या ट्रॅकवर पळणारी रेसची छोटी गो-कार्ट, आणि तिच्या रेसमधला एक गट म्हणजे "ओपन क्लास". नाव ऐकलं की वाटतं काहीही चालतं. मलाही तेच वाटलं होतं. नॉर्थ कॅरोलिनात मातीच्या ओव्हल ट्रॅकवर पहिल्याच सीझनला एकदा तिसरा आलो, नाचत नाचत काट्यावर कार्ट नेली आणि आकडा आला ३७३. नियम ड्रायव्हरसकट किमान ३७५ पाउंडांचा. दोन पाउंड, म्हणजे धड किलोभरही नाही, आणि तिसरा नंबर गेला. सकाळी गॅरेजमध्ये ३७६ भरलं होतं हो, पण तेव्हा टाकी फुल होती ना! आपल्याकडे साखर कारखान्यावर काटा मारला म्हणून दरवर्षी बोंब असते, इथे मात्र मला काट्यावर बोट ठेवायला कुणाची ना नव्हती, उपयोग नव्हता एवढंच.

तर ज्यांना या नादाला लागायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, अमेरिकेत डर्ट ओव्हल कार्टिंगला एकच देशभराचं नियमपुस्तक नाहीये. प्रत्येक ट्रॅकचा, प्रत्येक सिरीजचा आपला कागद, आणि तो दर वर्षी थोडा थोडा बदलतो. त्यामुळे तुमच्या ट्रॅकचा या वर्षीचा कागद प्रिंट करून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवा. शेजाऱ्याने सांगितलं, यूट्यूबवर बघितलं, यातलं काहीही टेकवाल्यासमोर, म्हणजे गाडी तपासणाऱ्यासमोर, चालत नाही.

ओपन म्हणजे कार्ब्युरेटर, कॅम, एक्झॉस्ट, इंधन यांत बरीच मोकळीक. सीसीची कमाल मर्यादा आणि वजनाची किमान मर्यादा, या दोन तिथेही असतातच. बऱ्याच ठिकाणी जिना असतो, लहान इंजिन असेल तर कमी वजनात चालवा, मोठं असेल तर जास्त वजन घेऊन चालवा. टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक एकत्र पळत असतील तर टू स्ट्रोकला सीसी कमी देतात, कारण ते क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर स्ट्रोक एक सोडून एका फेऱ्याला. मोटोक्रॉसमध्ये १२५ टू स्ट्रोकसोबत २५० फोर स्ट्रोक आणि २५० सोबत ४५० लावतात, तोच हिशोब. कॅलिफोर्नियाकडे आउटलॉ कार्ट म्हणून प्रकार आहे, वर पंख आणि भोवती पिंजरा, नासकार रेसिंगचा ड्रायव्हर काइल लार्सन लहानपणी त्यातूनच वर आला, तिकडे ओपनमध्ये ५०० सीसीपर्यंतची मोटोक्रॉसची टू स्ट्रोक इंजिनं लावतात. ते वेगळंच खूळ आहे, मी बोलतोय ते साध्या, डावीकडेच वळणाऱ्या कार्टबद्दल.

सीसी काढायला इंजिनिअर असायची गरज नाही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), सगळं सेंटीमीटरमध्ये. होंडाचं जीएक्स२०० इंजिन आणि त्याचे चायनीज क्लोन, म्हणजे नकला, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ५४, म्हणजे १९६ सीसी. प्रेडेटर २१२ इंजिनचं बोअर ७०, स्ट्रोक ५५, उत्तर येतं २११.७. यामाहा केटी१००, बोअर ५२, स्ट्रोक ४६, नावात शंभर असलं तरी भरतं ९७.७. कागदावर क्युबिक इंच लिहिलेलं असेल तर सीसीला १६.३९ ने भागा, प्रेडेटर १२.९ होतं.

आता लोक फसतात कुठे? री-बोअरमध्ये. सिलिंडर घासला, तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठा पिस्टन टाकला, म्हणजे बोअर ०.७६ मिमी वाढलं, वाटतं एवढ्याने काय होतंय. प्रेडेटरचं बोअर ७०.७६ झालं की सीसी येतात २१६.३. मर्यादा २१२ ची असेल तर तुम्ही घरातूनच बाद होऊन निघालात. काही कागदांत झिजेसाठी थोडी सूट लिहिलेली असते, काहींत अवाक्षर नसतं, ते आधी वाचा. स्ट्रोकर क्रँकचंही (स्ट्रोक वाढवणाऱ्या क्रँकचं) तेच, ७० च्या बोअरवर प्रत्येक एक मिमी स्ट्रोकला ३.८ सीसी वाढतात. जुनं इंजिन कुणाकडून घेताना "स्टॉक बोअर आहे" या शब्दावर जाऊ नका, हेड उघडायला लावा आणि स्वतः मोजा. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही बाजूंनी मोजायचं कारण सिलिंडर अंड्यासारखा झिजलेला असतो. स्ट्रोकसाठी पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली नेऊन डायल गेजने किंवा व्हर्नियरच्या शेपटीने खोली घ्या, दोन्हीतला फरक म्हणजे स्ट्रोक.

सीसीशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गव्हर्नर, म्हणजे आरपीएम रोखणारा भाग, काढून क्लोन पळवणार असाल तर ओतीव फ्लायव्हील आधी काढून टाका आणि बिलेटचं, म्हणजे सबंध ठोकळ्यातून कापलेलं, लावा, कनेक्टिंग रॉडही बिलेटचा. जास्त आरपीएमला ओतीव फ्लायव्हील फुटतं आणि त्याचे तुकडे कुणाचं नाव विचारत नाहीत. इथे पैसे वाचवायचे असतील तर गाडीच चालवू नका, सरळ बोलतोय.

आता वजन. वजन धरतात ते ड्रायव्हरसकट, हेल्मेट, सूट, नेक ब्रेस सगळं अंगावर, आणि जवळपास सगळीकडे रेस संपल्यावर. माझा हिशोब सांगतो. कार्ट इंजिनसकट, टाकी रिकामी, १६८ पाउंड. मी १७२, म्हणजे ७८ किलो. हेल्मेट बिल्मेट ११. एकूण ३५१. नियम ३७५, कमी पडतात २४, वर चार पाउंड जीव वाचवायला, म्हणजे २८ पाउंड शिसं. वाणी तराजूला धडा करायचा ना पूर्वी, अगदी तसं. ते चार पाउंड जीवावर येतात, कळतं मला, पण चार पाउंडांनी लॅपला जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा मी तरी ब्रेक चुकीच्या जागी मारूनच जास्त घालवतो.

मिथेनॉल लावत असाल तर आणखी सांभाळा. पेट्रोलच्या दुप्पट किंवा जास्तच पितं ते, आणि गॅलनला साधारण ६.६ पाउंड भरतं. अर्धा गॅलन जळला की सव्वातीन पाउंड गेले, माझे तेच झाले होते. म्हणून घरी वजन करताना टाकीत तळाला घोटभर ठेवा, बस. चिखल मोजणीत धरतात का तेही विचारून ठेवा, ओल्या ट्रॅकवर खाली बरीच माती चिकटते आणि काही ठिकाणी काट्याआधी ती खरवडायला लावतात. चिखलाच्या भरवशावर राहू नका.

आता मुद्द्याचं. तुमचं वजन ९५ किलो असेल तर ते २०९ पाउंड, त्यात हेल्मेट-सूटचे ११ आणि कार्टचे १६८ घातले की ३८८ होतात. ३७५ च्या पायरीवर तुम्ही शिशाशिवायच तेरा पाउंड जड, म्हणजे लहान इंजिनवर इतरांपेक्षा ओझं घेऊन पळणार. त्याच ट्रॅकवर मोठ्या इंजिनाला ४०० ची पायरी असेल तर तुम्हाला तीच बरी, तिथे बारा पाउंड शिसं हवं तिथे लावायला मिळतं. उलट साठ किलोच्या बारक्या पोराला हलक्या पायरीवरही ढीगभर शिसं लागेल, पण ते जागच्या जागी लावता येतं, ही त्याची मजा. म्हणून इंजिन आवडलं म्हणून आणू नका, बायको म्हणते तसं आधी काट्यावर उभे रहा.

शिसं कुठे लावायचं यावर रात्र जाईल. थोडक्यात, चारही चाकांखाली चार काटे, घरी माणसाचं वजन करायचे चालतील पण फरशी सपाट पाहिजे, टायरमधली हवा रेसची आणि तुम्ही सीटवर पूर्ण सामानासकट, हात स्टिअरिंगवर. माझे आकडे: पुढचं डावं ९०, पुढचं उजवं ८२, मागचं डावं १३०, मागचं उजवं ७७, बेरीज ३७९. डावी बाजू २२०, म्हणजे ५८ टक्के. नाक, म्हणजे पुढची दोन चाकं, १७२, ४५ टक्के. क्रॉस, म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून, २१२, ५६ टक्के. हे आकडे माझ्या चेसिसचे, तुमच्या चेसिसवाल्याचा सेटअपचा कागद आधी धरा. माती चिकट असेल तर शिसं खाली, ट्रॅक सुकून गुळगुळीत झाला की थोडं वर सरकवा, वळणात वजन उजव्या चाकांवर जातं आणि पकड येते.

बसवताना शिसं मऊ असतं हे विसरू नका, भोक हळूहळू मोठं होत जातं. दोन्हीकडे मोठे वॉशर, बोल्टला दोन नट किंवा कॉटर पिन, आणि प्रत्येक तुकड्याला पांढरा रंग देऊन त्यावर कार्टचा नंबर. ट्रॅकवर तुकडा पडला तर मागच्याच्या हेल्मेटला लागू शकतो, शिवाय नंबरावरून तुम्हीच सापडता, बाद व्हायला तेवढं पुरे. हाताळून झालं की साबणाने हात धुवा, मग सँडविच.

शेवटचा शब्द ट्रॅकच्या काट्याचा, तुमच्या नाही. प्रॅक्टिसच्या दिवशी त्यांना विचारून कार्ट त्यांच्या काट्यावर घाला आणि घरच्या काट्याशी फरक किती ते टेपवर लिहून सीटमागे चिकटवा, माझ्याकडे "-१.५" लिहिलंय. आणि कुणी पैसे भरून तुमच्या इंजिनावर प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार, टाकला तर चिडू नका, शांतपणे हेड उघडून द्या. काही ठिकाणी प्लग काढून पंपासारख्या मीटरने सीसी बघतात, ते दोन मिनिटांचं काम. हेड उघडलं तर मात्र जुनं गॅस्केट परत बसत नाही, म्हणून एक नवीन गॅस्केट आणि टॉर्क रेंच गाडीत असू द्या, रविवारी रात्री दहा वाजता इथल्या सॅलिसबरी गावात कुठेही मिळत नाही.