चिखलणीचा टिलर आणि बावखलावरचा पंप: रेस किती ठेवावी?

मुंबईच्या गोराई-मनोरीकडे भाताची रोपं लावणीला आली की चिखलणीला, म्हणजे पाणी भरलेल्या मातीचा चिखल करायला, पॉवर टिलर खाचरात उतरतात. रेसची लिव्हर शेवटपर्यंत ओढायची आणि सुटायचं, ही सवय यंदा मोडून बघा.

डिझेल इंजिनाची लिव्हर गव्हर्नरला, म्हणजे फेरे आपोआप राखणाऱ्या भागाला, फक्त सांगते, फेरे किती राखायचे. डिझेल किती सोडायचं ते ओढ, म्हणजे इंजिनावरचा भार, बघून गव्हर्नर ठरवतो. टिलर रिकामाच पूर्ण रेसवर चालवला, तर जळणारं डिझेल इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात जातं, कामाला काहीच येत नाही. इंजिन लिटरमागे सर्वांत जास्त काम देतं ते मध्यम फेऱ्यांवर आणि भरपूर ओढ असताना. ताकदीच्या साधारण पाऊण हिश्श्यापर्यंत ओढ असली की चांगलं.

म्हणून पहिली पाळी, म्हणजे टिलरचा पहिला फेरा, घट्ट जमिनीत असेल तर खालचा गिअर आणि भरपूर रेस ठेवा, तिथे कंजुषी नको. खाचरात आदल्या दिवशी पाणी भरून माती मुरू दिली तर ओढ आपोआप कमी होते. दुसऱ्या पाळीला चिखल मऊ झालेला असतो. तेव्हा एक गिअर वर टाका आणि रेस उतरवा. ढेकळं राहू लागली तर थोडी वाढवा. खोली उगाच वाढवू नका, रोपाला तिचा उपयोग नाही आणि डिझेल मात्र जातं.

रेस फार उतरली हे कसं कळणार? चालू कामात लिव्हर झटकन पुढे करा. इंजिनाने लगेच उचल घेतली तर ताकद शिल्लक आहे. ते दबून घरघरलं, काळा धूर ओकू लागलं, तर गिअर खाली आणा. दबलेलं इंजिन चालवत राहणं म्हणजे बचत नव्हे, गॅरेजचं बिल. एअर क्लीनर तुंबला असेल तरीही धूर काळाच येतो, तेव्हा आधी तो बघा.

पेट्रोलच्या छोट्या इंजिनाचं गणित थोडं वेगळं. तिथे लिव्हर हवेची वाटही अडवते, आणि अर्धवट बंद वाटेतून हवा ओढण्यातच ताकद जाते. मोठं इंजिन हलक्या कामाला जुंपण्यापेक्षा कामाच्या मापाचं घेतलेलं बरं. इंजिन तापलं की चोक पूर्ण उघडायला विसरू नका.

पाऊस सरल्यावर भाजीला बावखलातून, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यातून, पाणी उपसाल, तेव्हा तर रेसचा फरक फार. सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी फेकणाऱ्या, पंपाचे फेरे 10 टक्के उतरवले की लागणारी ताकद सुमारे 27 टक्क्यांनी घटते, पाणी मात्र साधारण 10 टक्केच कमी येतं. हे उथळ बावखलाला लागू. पाणी उंच चढवायचं असेल तर धार याहून जास्त घटते, क्वचित थांबतेही.

आपल्या यंत्राचा हिशेब घ्यायचा असेल तर टाकी काठोकाठ भरा, एक खाचर एका रेसवर करा आणि मापाने पुन्हा भरा. शेजारचं तेवढंच खाचर दुसऱ्या रेसवर. मुरवण आणि खोली दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर आकडे फसवतील.